नानांचं गाऱ्हाणं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने वैतागते. निम्मे अपचनाचे असतात, उरलेले निम्मे लिहिणाऱ्याच्या आतेभावाच्या मित्राला आलेले असतात. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ… मेलं भुतांनासुद्धा काही नवं सुचू नये? मी उभा जन्म रत्नागिरीच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. कुणी कपाळाला अंगारा लावून परीक्षेला बसला तर त्याला आधी तोंड धुऊन यायला लावत असे. तेव्हा हे मी का लिहितेय, असं माझ्या भाचीने विचारलं. म्हटलं, लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल एकदाचं. जाईलसं वाटत नाही, ते सोडा.

गोष्ट पन्नास सालानंतरची. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि मुंबईहून आमच्याकडे यायचं तर बोटीने. बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावांतून उतारूंना किनाऱ्यावर आणायचे. मी नुकतीच बी.एस्सी.ची परीक्षा देऊन पुण्याहून आले होते. निकाल लागायचा होता. घरात बसवून ठेवली तर ही येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडत बसेल, म्हणून वडिलांनी मला नानांकडे धाडलं.

नाना म्हणजे माझे धाकटे काका, नारायण. मुंबईत कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाणं उलगडण्यात त्यांचा जन्म गेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. साठवलेल्या पैशांतून त्यांनी जयगडच्या खाडीच्या दक्षिणेला, एका गावात अगदी समुद्रकाठी जागा घेतली आणि ‘सागर-सुख’ नावाचं विश्रांतिगृह काढलं. चिऱ्याच्या भिंती, सहा खोल्या, पुढे लांबलचक पडवी. हल्ली यालाच रिसॉर्ट म्हणतात आणि दसपट पैसे घेतात. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा एकच धडा नानांनी मुंबईत गिरवला होता. एखाद्या पाहुण्याने चंद्र मागितला असता तर नाना ‘कुठल्या रंगात दाखवू?’ म्हणाले असते. मला त्यांचं हे वागणं बघवत नसे. सख्खा काका, पण सांगते — मला त्यांची कीव यायची, आणि किवेपेक्षा रागच जास्त.

जागा नीट समजून घ्या, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला पाण्यात घुसलेला काळा कातळ, तिकडून वाट नाही. पूर्वेला देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काटकी कुणी मोडत नाही, सुकं पानसुद्धा चुलीसाठी उचलत नाही. अलीकडे तिथे सरकारने ‘संरक्षित’ अशी पाटी लावली आहे म्हणे, आणि पाटी लागल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसू लागल्या आहेत. आमच्या वेळी पाटी नव्हती आणि कुऱ्हाडही नव्हती. राहिली दक्षिण. फाटकातून निघालं की एक सरळ वाट — डाव्या हाताला देवरहाटीचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, उजव्या हाताला केवड्याची बेटं आणि पलीकडे समुद्र. वाट संपते तिथे ओढा, आमच्या भाषेत पऱ्ह्या, त्यावर लाकडी साकव, आणि साकवापलीकडे गाव आणि बंदर. फाटकातून साकव दिसतो. आंधळा माणूस गडग्याला हात लावून चालला तरी पोचेल.

आता पाहुण्यांबद्दल. मुंबईची माणसं हवा पालटायला यायची आणि येताना मुंबईची हवा सोबत घेऊन यायची. घावनाला टोस्ट हवा, फणसाचा वास नको, समुद्राची गाज रात्री जरा कमी करता येईल का… हो, हे एकाने खरंच विचारलं होतं. त्या मे महिन्याच्या शेवटी गिरगावचे एक वकील, त्यांची बायको आणि सहा वर्षांची मुलगी अलका एवढेच उरले होते. वकीलसाहेब सकाळ-संध्याकाळ वाळूत उभे राहून जोरजोराने श्वास घ्यायचे, जणू ओझोनचे पैसे भरले आहेत ते वसूल झालेच पाहिजेत. वकीलीणबाई प्रत्येक गोष्टीला ‘कित्ती गोड!’ म्हणायच्या. म्हशीलाही म्हणाल्या होत्या. अलका मात्र बरी पोर होती. माझ्याबरोबर कोकमासाठी रातांबे फोडायला बसायची आणि बिया चोखून चोखून ओठ लाल करायची.

पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नानांनी एक खेळ काढला होता. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव उभा राहून गावाच्या वतीने देवाला मागणं मागतो, ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं घेतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. ज्याचं नाव घेतलं त्याला ते लागू. नानांना नकला छान साधायच्या. दिवस कलला की ते पडवीपुढे देवरहाटीकडे तोंड करून उभे राहायचे, उपरणं कमरेला गुंडाळायचे आणि गुरवाच्या सुरात पाहुण्यांच्या नावाने गाऱ्हाणं घालायचे. ह्यांची पोटदुखी जाऊ दे, त्यांच्या जावयाला बढती मिळू दे… पाहुणे टाळ्या पिटत ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचे आणि हसून लोळायचे. मला देवाचा अपमान वगैरे वाटत नव्हता. दगडाचा कसला अपमान? अपमान होत होता तो नानांचा, आणि तो त्यांना कळत नव्हता.

गावच्या गुरवाने एकदा येऊन त्यांना हटकलं होतं. गुरव हा अत्यंत आळशी आणि तोंडाळ इसम, त्याचं मला काडीचं कौतुक नाही.

‘‘नाना, गाराणं म्हंजे मागणं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘खेळ नाय. मागलंत तर तो द्यायचा एक दिवस.’’

‘‘देईना का! आम्ही चांगलंच मागतो,’’ नाना हसून म्हणाले आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

वकिलांच्या मुक्कामाची शेवटची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी बोट होती, आणि पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटींपैकी ती एक. वकीलीणबाई म्हणाल्या, ‘‘नाना, आज काहीतरी खास मागा बाई! उद्या पुन्हा त्या घामट गिरगावात जायचं. असं मागा, की इथून आमचा पायच निघू नये!’’

नाना नाही म्हणतात की काय! उपरणं गुंडाळलं आणि उभे राहिले.

‘‘बा देवा म्हाराजा, तू ह्या रानाचा राखणदार, ह्या वाटेचा धनी! आज तुझ्या दारात उभं हायत दिनकर वकील, त्येंची अस्तुरी सुशीला, त्येंची लेक अलका. ह्येंचा पाय तुझ्या दारातनं हलू नये, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ अलकाचा आवाज सगळ्यांत मोठा.

‘‘आणि ह्यो तुझा चाकर नारायण, ह्येचाबी हलू नये. ह्या चौघांतल्या कुणालाबी साकवापलीकडं जाऊ देऊ नको, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

मी पडवीत बसून रातांबे फोडत होते. मी व्हय म्हटलं नाही आणि नानांनी माझं नावही घेतलं नाही.

सकाळी दोन गडी ट्रंका घेऊन पुढे गेले. मागून वकील कुटुंब निघालं, नाना त्यांना बंदरापर्यंत पोचवायला. मी हुश्श करून पडवीत बसते न बसते तोच चौघंही फाटकातून आत आले. काही विसरलं असेल, असं मला वाटलं.

‘‘काय हो नाना, हा कुठला रस्ता?’’ वकीलसाहेब चिडून विचारत होते. नाना डोकं खाजवत होते. पुन्हा निघाले, पुन्हा आत आले. कुणालाही पाठ फिरवल्याचं आठवत नव्हतं. मी हसून हसून बेजार झाले. हायकोर्टात उभा राहणारा माणूस, आणि त्याला सरळ वाट सापडत नाही! तेवढ्यात गडी साकवाकडून परत आले. ट्रंका बंदरावर पोचल्या, माणसं कुठायत? मग बोटीचा भोंगा झाला. वकीलसाहेब नानांना नाही नाही ते बोलले. लबाड, खोल्या भरण्यासाठी केलेली ही युक्ती आहे, कोर्टात खेचीन… नाना हात जोडून उभे. ते हात जोडणं पाहून मला वकिलापेक्षा नानांचाच जास्त संताप आला.

अलकाचा घसा आदल्या दिवसापासूनच दुखत होता. रातांब्यांमुळे असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. दुपारपासून ताप चढला. संध्याकाळी गावातून वैद्य आले, त्यांना यायला-जायला वाटेने काही अडवलं नाही. त्यांनी घशात पाहिलं आणि वकिलांना बाजूला घेऊन सांगितलं — घटसर्प आहे, माझ्याकडे औषध नाही, रत्नागिरीला नेऊन सुई द्या, उद्याचा दिवस हातातून घालवू नका.

सकाळ झाली तेव्हा अलकाचा श्वास बाहेर पडवीपर्यंत ऐकू येत होता. पाव्यात वाळू भरून फुंकल्यासारखा. गावचा दाऊद तांडेल आपला पडाव घेऊन साकवापलीकडे तयार होता, वारा चांगला होता, दुपारच्या आत रत्नागिरी गाठली असती. वकील पोरीला घेऊन निघाले आणि परत आले. पुन्हा निघाले, परत आले. तिसऱ्यांदा ते फाटकातच खाली बसले.

माझं डोकं फिरलं. ‘‘द्या इकडे,’’ मी म्हणाले, आणि अलकाला खांद्यावर घेतलं.

आता हे मी स्वतः पाहिलेलं लिहितेय. नजर साकवावर ठेवून मी चालले. डाव्या हाताची बोटं गडग्याच्या दगडांवरून ओढत होते. अलकाचा ताप माझ्या मानेला लागत होता. मी थांबले नाही, वळले नाही, डोळे मिटले नाहीत. चालता चालता माझ्या लक्षात आलं की बोटांना दगड लागत नाहीत. पाहिलं तर गडगा माझ्या उजव्या हाताला होता, समुद्र डाव्या, आणि समोर ‘सागर-सुख’चं फाटक.

मी पोरीला तिच्या बापाच्या हातात दिलं आणि एकटी निघाले. सरळ साकवावर पोचले.

दाऊद तांडेलाला घेऊन आले. वादळात पडाव हाकणारा माणूस, कशाला न भिणारा. त्याने अलकाला उचललं, बिस्मिल्ला म्हणून निघाला, आणि थोड्या वेळाने फाटकातून आत आला. त्याने तिला हळूच बाजेवर ठेवलं.

‘‘मालूबाय, ही वाट आज आपली नाय,’’ तो म्हणाला. ‘‘पडाव हितं आणावा, तर लाटा फुटतायत. लागायचा नाय. मी पलीकडं थांबतो, तुमी बघा काय ता.’’

गुरव आणि गावातले झाडून सगळे बाप्ये लग्नाच्या वऱ्हाडासोबत खाडीपलीकडे गेलेले. वकीलीणबाई आता कशालाच गोड म्हणत नव्हत्या. त्या नुसत्या पोरीचे तळवे चोळत होत्या. नाना उठले, विहिरीवर गेले, डोक्यावरून घागर ओतून घेतली आणि ओलेत्याने, अनवाणी, गडग्याला जिथे खिंडार आहे तिथे जाऊन उभे राहिले. मला कळलं ते काय करणार आहेत, आणि खरं सांगते, मला लाज वाटली. पोर मरतेय आणि ह्यांचं नाटक!

पण नाटक नव्हतं. सूर नव्हता, हातवारे नव्हते. शाळेत पाठ केलेलं म्हणताना मूल घाबरतं, तसा त्यांचा आवाज.

‘‘बा देवा म्हाराजा… चूक झाली. नको ते मागलंय. माझं मागणं मी मागं घेतो. दिनकर वकील, त्येंची अस्तुरी सुशीला, त्येंची लेक अलका… ह्येंना सोड, म्हाराजा.’’

नाना थांबले. मला वाटलं अजून काही बोलतील. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग ते होकाराची वाट पाहत राहिले. वकीलसाहेब पोरीच्या तोंडावर वाकले होते. बाई रडत होत्या. परवा इथेच ही माणसं घसा फोडून ओरडत होती. नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी बी.एस्सी. दगडाला शेंदूर फासून माणसं शतकानुशतकं मूर्ख राहिली, असं मत छातीठोकपणे मांडणारी. मागे बाजेवर अलकाच्या श्वासाची शिट्टी वाजत होती. ती मध्येच थांबली. पुन्हा सुरू झाली.

‘‘व्हय म्हाराजा,’’ मी म्हणाले.

आणि माझ्याबरोबर देवरहाटीतून पुष्कळ माणसं तेच म्हणाली.

ओरडून नाही. शेतावरून दमून आलेली माणसं एखाद्या साध्या गोष्टीला हो म्हणतात, तसं. पुरुषांचे आवाज होते. काही म्हातारे, एक जरा घोगरा, एक अगदी गडग्यापलीकडे हाताच्या अंतरावर. आत कुणी नव्हतं. खिंडारातून मला झाडांचे बुंधे दिसत होते. प्रतिध्वनी म्हणाल, तर मी बाई आहे आणि मी एकच होते.

वकीलसाहेबांनी अलकाला उचललं. मी बरोबर चालले. गडगा डाव्या हाताला राहिला, साकव आला, आम्ही ओलांडला. दाऊदने पडाव सोडला. मी मागे वळून पाहिलं. नाना पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या मागे निघाले होते, पोरीला वाटेत पाणी लागेल म्हणून. अर्ध्या वाटेपर्यंत ते माझ्याकडे येताना दिसत होते. नंतर मला त्यांची पाठ दिसली, फाटकातून आत जाणारी.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सुई दिली. अलका वाचली. आता ती स्वतः आजी आहे.

नाना मात्र त्यानंतर साकवापलीकडे गेले नाहीत. गावाने सांगितलं, गुरवाने सांगितलं, रीतसर नारळ ठेवून तुमच्यापुरतं मागून घ्या. त्यांनी ऐकलं नाही. मी दर मे महिन्यात जायची आणि दर मे महिन्यात भांडायची. ‘‘त्या दिवशी स्वतःचं नाव का घेतलं नाहीत? विसरलात?’’

‘‘विसरतो कसला? तोंडावर आलं होतं,’’ एकदा ते म्हणाले. ‘‘पण त्याच्याकडे आधीच तीन माणसं परत मागितली होती. वर आपलंही मागायचं… लाज वाटली गो.’’

जन्मभर प्रत्येकापुढे हात जोडणारा माणूस! त्याला लाज वाटावी ती नेमकी तिथे, आणि त्याने मागू नये ते नेमकं स्वतःसाठी. मी त्यानंतर त्यांना लाचार म्हटलं नाही. मनातसुद्धा नाही.

‘सागर-सुख’ लवकरच बंद पडलं. नाना तिथेच राहिले. समुद्र, कातळ, गडगा आणि तेवढी वाट. मुंबईचं लग्न असो, माझ्या वडिलांचं आजारपण असो, ते नुसतं ‘गुडघे दुखतात’ असं कळवायचे.

स्पष्टीकरणं मी पुष्कळ ऐकली आहेत. माझा एक मानसशास्त्रवाला सहकारी ‘सामूहिक भ्रम’ एवढे दोन शब्द बोलून चहा प्यायला लागला, जणू काम झालं. भुताखेतांवर विश्वास ठेवणारे मूर्ख, हे माझं मत कायम आहे. त्यात मी आता ह्या लोकांचीही भर घातली आहे. अपराधाच्या भावनेने नानांचं मन त्यांना परत फिरवत होतं, हे त्यातल्या त्यात बरं स्पष्टीकरण. कित्येक वर्षं मी त्यालाच धरून होते. मग दाऊद का फिरला, मी का फिरले, हे प्रश्न मी स्वतःला विचारत नसे.

नाना गेले तेव्हा मी तिथेच होते. स्मशान साकवापलीकडे. चौघांनी तिरडी उचलली, फाटकाशी आणली आणि थांबले. पुढचा दाऊदचा शेजारी भिकाजी. त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘मालूबाय, न्यायचं का पलीकडं?’’

भल्या सकाळचं लख्ख ऊन होतं. समोर साकव दिसत होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत स्वच्छ प्रयोग माझ्यासमोर मांडून ठेवला होता. मेलेल्या माणसाला भीती नसते, लाज नसते, मन नसतं. तिरडी साकव ओलांडून गेली असती तर सगळं नानांच्या डोक्यात होतं, हे कायमचं सिद्ध झालं असतं. आणि नसती गेली, तर… तेही सिद्ध झालं असतं. विद्यार्थ्यांना मी जन्मभर सांगत आले, अंदाज बांधू नका, करून बघा.

मी नानांच्या तोंडाकडे पाहिलं. हो म्हणायला सदा तयार असलेलं ते तोंड आता मिटलेलं होतं. हे चौघं त्यांना घेऊन निघतील आणि पुन्हा ह्याच फाटकातून आत येतील, हे मला बघायचं नव्हतं. त्यांनी एकदा न मागितलेलं मी आता त्यांच्यासाठी मागणारही नव्हते.

‘‘इथेच,’’ मी म्हणाले.

भिकाजीने मान डोलावली. गडग्यालगतच्या वाळूत त्यांनी लाकडं रचली, आणि कुणीही मला का म्हणून विचारलं नाही.